रिद्धीला हुरडा बाधला

शेतकऱ्याला ‘तुम्ही काय करता?’ असं सहसा कुणी विचारत नाही. त्याच्या टाचा बघून लोक ओळखतात. मला मात्र हल्ली विचारतात, कारण आमच्या शेताच्या तोंडाशी ‘अस्सल हुरडा’ अशी पाटी लागली आहे आणि मुलानं त्या पाटीवर माझा फोटो छापून टाकला आहे. फोटोत मी कणीस हातात धरून असा उभा आहे की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ पंचायत समितीला उभे आहेत आणि कणीस यांची निशाणी आहे. एकानं थांबून खरंच विचारलं होतं, कोणत्या पक्षाकडून म्हणून.

जालन्याहून मंठ्याकडं येताना रस्त्याला लागून आमचं शेत आहे. बाकीचं वर्ष मी इतरांसारखाच शेतकरी असतो. पण मार्गशीर्ष लागला की माघ निम्मा होईपर्यंत माझ्याकडं माणसं येतात, सतरंजीवर बसतात, हुरडा खातात आणि पोटावर हात फिरवत जातात. त्यांना खाऊ घालणं हा माझा धंदा.

हुरडा म्हणजे काय ते लांबच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडच्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढं जावं. ज्वारीच्या कणसात आधी दूध भरतं, मग ते घट्ट होत जातं, आणि पक्की ज्वारी व्हायच्या आधी मधले थोडे दिवस असे येतात की दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो. नखानं दाबला तर दबतो, पण दूध उडत नाही. तेव्हाच तोडायचा. जमिनीत खड्डा घेऊन त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, ती आगटी. तिच्या गरम राखेत कणसं खुपसायची, फिरवत भाजायची, बाहेर काढून चटके सोसत तळहातांनी चोळायची, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि तो वाफाळता दाणा समोरच्याच्या हातावर टाकायचा. ताटलीत नाही, हातावर. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही, बोरं, आणि शेवटी ताक. पाणी मात्र प्यायचं नाही. हुरड्यावर पाणी प्यालं की पोट फुगतं असं बापजाद्यांनी सांगून ठेवलंय, आणि तरी दर वर्षी कुणी ना कुणी पितंच. मग ते पोट धरून बसतं. त्याला आम्ही ‘हुरडा बाधला’ म्हणतो. औषध म्हणजे चिमूटभर ओवा आणि बांधाबांधानं एक चक्कर.

सगळी ज्वारी एकदम हुरड्यात आली तर आठवड्यात धंदा आटोपेल. म्हणून मी ती पट्ट्यापट्ट्यानं, मागंपुढं पेरतो. हे वाचायला सोपं आहे. पाखरांनाही ते कळतं आणि ती पट्टे बराबर ओळखतात.

या धंद्यात माणसांचे नमुने फार बघायला मिळतात. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यातली पाळी सुटलेली पोरं आली होती. वर्षभर भट्टीसमोर उभी राहणारी ती पोरं आगटीला मात्र अगदी चिकटून बसली. म्हणाली, काका, ही भट्टी खायला देते. एका बियाणे कंपनीतले साहेब आले. ते कणीस डोळ्याजवळ नेऊन वाणाची चिकित्सा करत राहिले, तोवर त्यांच्या बायकोनं त्यांच्या वाट्याचं संपवलं. एक बाई हातमोजे घालून खायला बसल्या. एका साहेबांनी खिशातून टोमॅटो सॉसची बाटली काढली. त्यांना मी काही बोललो नाही, पण आमच्या मंडळींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ती बाटली आल्या वाटेनं खिशात गेली.

आमच्या मंडळी म्हणजे कौसा. माहेर कुंभार पिंपळगाव. पाटीवर फोटो माझा असला तरी धंदा तिच्या तळहातांवर चालतो. चोळायला गावातल्या आणखी बाया येतात, पण कौसाच्या हातचा दाणा अख्खा निघतो, फुटत नाही, आणि त्यात फोलपट सापडलं तर दाखवा. आता भाजायची आणि मळायची यंत्रं निघालीत. मुलगा म्हणतो, घेऊ. तळहात भाजून घ्यायला नव्या पोरी येत नाहीत, हेही खरं आहे, आणि ज्या दिवशी यंत्र येईल त्या दिवशी माझ्या जिवाला लागेल, हेही खरं आहे. कौसा म्हणते, तुमचं काय जातंय, हात माझे भाजून राह्यलेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो त्या गोष्टीकडं येतो.

जालन्यात महावीरसेठ म्हणून बियाण्याचे व्यापारी आहेत. मूळचे राजस्थानचे, पण त्यांचे पणजोबा इकडं आले, त्यामुळं सेठ आमच्यापेक्षा जास्त जालन्याचे आहेत. मी बी त्यांच्याकडून घेतो. दर हंगामात एकदा ते घरच्यांना घेऊन हुरड्याला येतात. जैन माणसं, त्यामुळं त्यांच्यासाठी तिळाची चटणी बिनलसणाची वाटून ठेवायची, एवढंच काय ते वेगळं. त्यांची बायको संगीताभाभी आणि मुलगी रिद्धी. रिद्धी तेव्हा चौथीत होती. अंगानं किरकोळ, पण तोंड असं चालू की भाभी म्हणायच्या, हिच्या तोंडाला बटण बसवून द्या.

त्या वर्षी ते संक्रांत झाल्यावर आले. हंगाम उताराला लागला होता. आल्याआल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रिद्धीच्या हातात तिचा स्वतःचा स्टीलचा डबा होता. भाभींनी आगटीकडं पाहिलं, कणसांकडं पाहिलं, मग डबा तिच्या हातातून घेऊन गाडीत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, “जा, आज सगळ्यांच्या बरोबर बस.” पोरगी अशी पळत आली की चप्पल वाटेतच राहिली. मी मनात म्हणालो, श्रीमंतांच्या तऱ्हा, हुरड्याला येतानाही डबा.

पोरगी कौसाच्या मांडीला मांडी लावून बसली. कौसा दाणा टाकायची, ती खायची आणि बोलायची. भाभी लांबून बघत होत्या. हुरडा खाण्यापेक्षा लेकीकडं बघण्यातच त्यांचं लक्ष होतं. मला ते चांगलं वाटलं, पण त्यात एवढं काय आहे ते मला कळलं नाही.

दोन-तीन दिवसांनी भाभींचा फोन आला.

“काका, बुरा मानू नका. एक विचारायचं होतं. त्या दिवशी हुरड्याबरोबर अजून काय होतं?”

“काहून? काय झालं?”

“रिद्धी बीमार आहे.”

आता खरं सांगतो, माझं डोकं फिरलं. खाऊ घालणाऱ्याला ‘तुमचं खाऊन आजारी पडले’ यापेक्षा वाईट वाक्य नाही. मी तोऱ्यात म्हणालो, “भाभी, आमच्या हुरड्यानं आजवर कोणी बीमार पडलं न्हाई. निव्वळ ज्वारी हाय. जास्त खाल्ला असंल पोरीनं, बाधला असंल.”

“बाधला असता तर मी फोनच केला नसता,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट दमलेला होता. मग त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

रिद्धीला सिलिॲक नावाचा आजार आहे, मागच्या हुरड्यानंतर कळलेला. गव्हात ग्लुटेन असतं, सातूतही असतं. आपण पोळी तिंबतो तेव्हा कणीक चिवट होते ना, ती त्याच्यामुळंच. या पोरीच्या शरीराला ते चालत नाही. पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. गोळी घेऊन बरा होईल असा हा आजार नाही. गहू जन्मभर बंद, हाच इलाज. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद. आणि नुसतं खायचं नाही एवढ्यावर भागत नाही. पोळीचा चुरा भातात पडला तरी पुरे होतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका चालतो. म्हणून भाभींना वाटलं होतं की सबंध वर्षात एकच जेवण असं आहे, जिथं आपली मुलगी डब्याशिवाय बसू शकते. लग्नात ती डबा घेऊन कोपऱ्यात, वाढदिवसाला डबा घेऊन कोपऱ्यात. हुरड्याला तरी सगळ्यांसोबत.

“मंग मला आधी सांगायचं न्हाई का?”

“काय सांगू काका? मुलीची जात. लोक लगेच म्हणतात, बीमार आहे. आणि ज्वारीत काय असणार, असं वाटलं.”

माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवशीची आगटी आली. संक्रांतीनंतर गहू ओंब्यावर येतो. हुरडा संपत आला की पाहुण्यांना नवलाई म्हणून आम्ही गव्हाच्या चार ओंब्याही भाजतो. कोवळा गहू, चवीला छान लागतो. त्याच आगटीत, त्याच राखेत. चोळायचा त्याच तळहातांनी, पाखडायचा त्याच सुपात. आमच्याकडं सगळेच असं करतात. आमच्या जिभेला ज्वारी वेगळी, गहू वेगळा, पण आगटीला दोन्ही सारखेच. त्यात चूक काय, हे आमच्या बापाच्या बापालाही सुचलं नसतं.

मी तसं सांगितलं. मग भाभी म्हणाल्या, “हां. आता कळलं कशानं झालं. तुमचं काही चुकलं न्हाई काका, मीच विचारलं नव्हतं.” फोन ठेवताना मात्र त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त लागलं. सेठनी घरात सांगून टाकलं होतं की बस झालं, आजपासून रिद्धी घराबाहेर काही खाणार नाही. ज्वारी नाही, फळ नाही, पाणीसुद्धा घरचं.

ते कौसाला सांगितलं. ती चूल सारवत होती. हात थांबवून म्हणाली, “म्या माझ्या हातानं दिलं व्हय पोरीला.” त्या दिवशी तिनं जेवणही धड केलं नाही.

मृगाच्या आधी बी आणायला मी जालन्याला गेलो. दुकान खाली, घर वर. सेठनी चहा मागवला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग मी म्हणालो, “सेठ, औंदा हुरड्याला यायचं.”

“आम्ही येऊ काका. पण रिद्धीचा डबा सोबत येईल.”

“तिला एक आगटी वेगळी करतो.”

सेठ हसले, पण मान हलवली. “तुमच्यावर भरोसा आहे. गव्हावर न्हाई. तुम्ही तिला त्या वेळी पाहिलं नाही, आम्ही पाहिलं.”

एवढ्यात रिद्धी सुट्टीतल्या शिकवणीहून आली. दप्तर टाकून सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, कौसाकाकी कशी आहे? तिला सांगा, मला राग नाही आला.” मग भाभी खाली आल्या आणि आमच्या सगळ्यांच्या समोर विषय निघालाच.

मी विचारलं, नेमकं कसं ओळखता? पोट तर कुणाचंही दुखतं. भाभी म्हणाल्या, हेच तर कठीण आहे. गहू खाल्ला आणि लगेच काही झालं, असं होत नाही. कधी दोन-चार तासांनी सुरू होतं, कधी दुसऱ्या दिवशी, आणि एकदा लागलं की कित्येक दिवस पुरतं. शिवाय प्रत्येकाचं वेगळं. डॉक्टरांकडं दुसरी एक मुलगी येते, तिला नुसत्या उलट्या होतात. एका आजोबांच्या अंगावर खाजरे फोड येतात, पोटाचं काही नाही. काहींना तर वरून काहीच दिसत नाही, आत मात्र नुकसान चालूच असतं. म्हणून वरून ठीक दिसलं तरी ठरलेली रक्ताची तपासणी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

“माझं मी सांगते,” रिद्धी म्हणाली. ती आपल्या आजाराबद्दल असं सांगायला लागली, जसं एखादं पोर आपल्या खोडकर शेजाऱ्याबद्दल सांगतं. “आधी मला बोलावंसं वाटत नाही. मग झोप येते, पण झोपले तरी जात नाही. मग सगळ्यांचा राग येतो. मग पोट पूर्ण टाइट होतं, इकडून तिकडं पूर्ण. मग बाथरूमच बाथरूम. आणि नंतर तोंड येतं, आतून, तेव्हा पाणीपण झोंबतं.”

“हिचं बोलणं थांबलं की मी हातातलं टाकून धावते,” भाभी म्हणाल्या.

सेठ खाली बघत होते. रिद्धी त्यांना म्हणाली, “पप्पा, मी नुसती बसून डबा खाईन. पण मग मला नेऊच नका. वास येतो ना त्याचा.” मी तिथूनच कौसाला फोन लावला आणि सेठच्या हातात दिला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. सेठ ‘हां काकी, हां काकी’ करत राहिले. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. एकदा. पण संगीता सांगेल तसं.”

कौसानं भाभींपेक्षा दोन पावलं पुढं जाऊन केलं. त्या वर्षी आम्ही ज्वारीचा एक पट्टा शेताच्या पार त्या अंगाला धरला, गव्हापासून लांब. तिथंच नवी आगटी खणली. नवं सूप आणलं, नवी टोपली आणली, चोळताना अंथरायला नवं कापड आणलं आणि ते सगळं वेगळ्या खोलीत कडी लावून ठेवलं. त्या खोलीत मलाही मज्जाव. मी एकदा सहज सूप बघायला आत गेलो तर म्हणाली, “सकाळी पोळी खाल्ली ना तुम्ही? मंग भाईर व्हा.” त्या दिवशी चोळायला ती एकटी बसणार होती, दुसरी बाई नाही. तीळ घरी निवडून, धुऊन, तिनंच भाजले आणि चटणी धुतलेल्या खलबत्त्यात कुटली. शेव यादीतून काढली, कारण ती बाजारची आणि तिच्यातल्या हिंगात काय आहे कुणास ठाऊक. हिंगात पिठी मिसळतात आणि ती गव्हाची असू शकते, हे भाभींनी सांगितलं तेव्हा कौसानं आमच्या घरच्या हिंगाच्या डबीकडंही चोराकडं पाहावं तसं पाहिलं. ताक बिनफोडणीचं ठेवलं.

मार्गशीर्षात, हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांना बोलावलं. ओंब्या तेव्हा नसतातच. त्या दिवशी दुसरे पाहुणेही घेतले नाहीत.

सेठ, भाभी, रिद्धी आणि सोबत रिद्धीची भुआ, म्हणजे आत्या. ती सुरतेहून माहेरी आलेली. डबा होता, पण गाडीतच. रिद्धी कौसाच्या शेजारी जाऊन बसली. कौसानं तिला हात धुवायला लावले, स्वतःचे पुन्हा धुतले, बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. पहिला दाणा तिच्या हातावर टाकण्याआधी कौसानं तो पुन्हा एकदा फुंकून, निरखून पाहिला.

“खा माय.”

पोरीनं खाल्लं आणि तोंडाची टकळी सुरू झाली. शाळा, मैत्रीण, मैत्रिणीचं मांजर, मांजराचा रंग. भाभींनी डोळ्यांना पदर लावला, धूर गेला म्हणाल्या. धूर उलट्या बाजूला जात होता.

सगळं नीट चाललं असताना भुआबाईंनी पिशवीतून खाखऱ्यांचा पुडा काढला. खाखरा म्हणजे गव्हाची कडक भाजलेली पातळ पोळी. एक खाखरा मोडून खाल्ला आणि प्रेमानं पुढं होऊन त्याच हातानं टोपलीतला हुरडा मूठभर उचलून रिद्धीला द्यायला निघाल्या. कौसानं त्यांचं मनगट धरलं. अगदी पोलिसानं धरावं तसं.

“बाई, थांबा.”

“अगं, मी काय विष देते आहे का भतीजीला?”

“तुमच्या हाताला गहू हाय.” कौसानं ती अख्खी टोपली उचलली, त्यातला हुरडा शेळ्यांपुढं ओतला आणि टोपली बाजूला ठेवली. दुसरी नवी टोपली तिच्याकडं तयार होती. मलाही माहीत नव्हतं.

“इतक्याशानं काय होतं?” भुआ रागावल्या.

“इतक्याशानंच होतं, दीदी,” भाभी शांतपणे म्हणाल्या. “मागच्या वर्षी इतक्याशानंच शाळा बुडली होती हिची, आठवडाभर.” भुआ थोडा वेळ फुगून बसल्या. मग स्वतःच उठून हात धुऊन आल्या, पुडा गाडीत ठेवून आल्या आणि लांब बसून खाऊ लागल्या. बाई वाईट नव्हती.

रिद्धीनं त्या दिवशी किती खाल्लं याचा हिशेब मी ठेवला नाही. वर्षभराचं साठलेलं खाल्लं. वर दही, वर गूळ, बोरं खिशात भरून. आम्ही मोठी माणसं उन्हात गप्पा मारत बसलो. सेठ पहिल्यांदाच पाय सैल सोडून बसले होते.

आणि मग मला जाणवलं की शेतात शांतता आहे. पोरीचा आवाज येत नाही.

भाभींनाही ते त्याच क्षणी जाणवलं. रिद्धी बांधावर एकटी बसली होती, पोट धरून, वाकून. भाभी धावल्या. सेठ उभे राहिले, त्यांच्या हातात गाडीची चावी आली होती आणि तोंड उतरलं होतं. ‘तरी मी म्हणत होतो’ हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. कौसा आपल्या तळहातांकडं बघत उभी राहिली. मला तर वाटलं, उद्या ती पाटी काढून टाकावी.

भाभी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. “काय होतंय बेटा?”

“पोट दुखतंय.”

“कुठं?”

“इथं. वर.”

“पूर्ण टाइट?”

पोरीनं पोट दाबून पाहिलं. तिला घाई नव्हती, नीट विचार करून उत्तर द्यायचं होतं. “नाही. इथंच. ते वालं इकडून तिकडं असतं.”

“झोप येते?”

“नाही.”

“मग बोलत का न्हाई? राग येतोय?”

“आता येतोय. तुम्ही सगळे माझ्याकडं बघून राहिले म्हणून.” आणि मग खिशातून बोर काढून म्हणाली, “मम्मी, हे ते वालं नाहीये. मी खूप खाल्लं. आणि पाणी प्याले. दोन ग्लास.”

कौसानं डोक्यावर हात मारला. “आगं माय! पोरीला हुरडा बाधलाय!”

ती अशी हसायला लागली की आगटीजवळ खालीच बसली. मग मी हसलो, भुआ हसल्या. सेठ हसावं का नाही या विचारात चावी खिशात घालत-काढत राहिले. कौसानं ओव्याची चिमूट तिच्या हातावर ठेवली. घरचा निवडलेला ओवा, हे भाभींनी आधी विचारून घेतलं. मग काकी-पुतणी बांधाबांधानं चक्कर मारून आल्या. परत येईपर्यंत पोरीला मोठ्ठी ढेकर आली आणि मांजराची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू झाली.

पण भाभी पूर्ण हसल्या नव्हत्या. निघताना मला म्हणाल्या, “काका, आत्ताच खूश होऊ नका. ते उद्या, परवाही येतं. दोन दिवस जाऊ द्या.”

ते दोन दिवस आमच्या घरात सणासारखेही नव्हते आणि सुतकासारखेही नव्हते. मधलंच काहीतरी होतं. एमआयडीसीतला एक मोठा घोळका येऊन गेला, त्यांना मी काय वाढलं ते मला आठवत नाही. फोन वाजला की कौसा चुलीपासून उठून दारात यायची. एकदा बँकेचा फोन होता, कर्ज पाहिजे का म्हणून. त्या बँकेतल्या पोरीवर मी उगीच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी भाभींचा फोन आला. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळेना.

“काका, तोंड आलं नाही. जुलाब नाही, सुस्ती नाही. दोन्ही दिवस शाळेत गेली. तपासणी वेळेवर करूच, पण मी माझ्या मुलीला ओळखते. सेठ म्हणतात, पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच धरून ठेवा.” मग म्हणाल्या, “शाळेत सगळ्यांना सांगून आली, मला हुरडा बाधला, मला हुरडा बाधला. कधी नव्हे ते तिचं पोट सगळ्यांच्या पोरांसारखं दुखलं हो.”

फोन ठेवला. कौसा दारात उभी होती, हात पिठानं भरलेले. ज्वारीच्या.

“काय म्हणल्या?”

“बाधलाच व्हता,” मी म्हणालो. “नुसता हुरडाच बाधला व्हता.”

कौसानं पिठाचे हात तसेच कपाळाशी जोडले.

“देव पावला,” ती म्हणाली.